पडशील!

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधल्या काळात दोघातिघांनी "आहेस ना?" म्हणून विचारलं, त्यांना आधी सांगते. आहे. हातपाय शाबूत आहेत. डाव्या नडगीवर एक जांभळट हिरवा डाग आहे आणि उजवा खांदा थोडा खरचटलाय, पण त्याचीच तर गोष्ट सांगायला बसलेय. (आई, तू हे वाचत असशील तर शेवटपर्यंत वाच. मधेच फोन लावू नकोस.)

तर मंडळी, वयाच्या पंचेचाळिशीनंतर मी पार्कूर शिकतेय.

पार्कूर म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एक खूण. २००६ साली आलेला 'कसिनो रोयाल' हा बॉन्डपट आठवतोय? सुरुवातीलाच एक माणूस बांधकामाच्या जागेतून पळत सुटतो, सरसर क्रेनवर चढतो, तिथून उडी मारतो, एवढ्याशा फटीतून मांजरासारखा आरपार जातो, आणि त्याच्यामागे धावणारा बॉन्ड भिंत फोडून येतो. तो पळणारा माणूस म्हणजे सेबास्तियाँ फुकाँ, पार्कूरच्या पहिल्या पिढीतला एक. माझी पार्कूरशी ओळख तेवढीच होती. गच्चीवरून गच्चीवर उड्या मारणारी, आईबापांनी ओवाळून टाकलेली पोरं!

मग आमचे चिरंजीव अकरा वर्षांचे झाले आणि एक दिवस म्हणाले, "आई, मला पार्कूर शिकायचंय."

मी काय म्हणाले असेन? "पडशील!"

मराठी आईच्या शब्दसंग्रहात 'जेवलास का'च्या खालोखाल याच शब्दाचा नंबर लागत असावा. कठड्यावर चढला, पडशील. सायकलवर हात सोडले, पडशील. मोजे घालून घरात धावला, पडशील. लंडनमध्ये इतकी वर्षं काढली, मुलाशी निम्मं बोलणं इंग्रजीत होतं, पण हा शब्द मात्र तोंडातून कायम मराठीतच बाहेर पडतो. नवरोबा म्हणाले, जाऊ दे ना, निदान स्क्रीनसमोरून तरी उठेल. हा मुद्दा बिनतोड होता.

आमच्या भागातल्या एका शाळेच्या जिममध्ये आठवड्यातून एकदा हा वर्ग भरतो. पहिल्या दिवशी मी बाकावर जीव मुठीत धरून बसले होते. तासभर कोणीही उंचावरून उडी मारली नाही. मुलं चार पायांवर चालत होती, पुढे आणि मग उलट मागे. जमिनीवर रंगवलेल्या एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर उडी मारत होती आणि पाय नेमके रेघेवर पडले की दोन सेकंद तिथेच थांबत होती. शिक्षक एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, आवाज नको. 'धप्' असा आवाज आला म्हणजे तेवढा मार गुडघ्यांनी खाल्ला. शेवटची वीस मिनिटं सगळ्यांनी जमिनीवर लोळण्यात घालवली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "फी भरून पडायला शिकवतायत!"

ते मी थट्टेने म्हणाले होते. नंतर लक्षात आलं की पहिले दीड-दोन महिने खरोखरच तेवढंच शिकवतात.

मग मी वाचायला लागले. (एखाद्या गोष्टीची भीती वाटली की तिच्याबद्दल वाचायचं, ही माझी जुनी खोड.) आणि ही गोष्ट मला वाटली होती त्यापेक्षा बरीच वेगळी निघाली.

सुरुवात होते जॉर्ज एबेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यापासून. १८७५ साली जन्मलेला हा माणूस. ८ मे १९०२ रोजी कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर माउंट पेले ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि सँ-पिएर हे अख्खं शहर काही मिनिटांत जळून गेलं. जवळपास तीस हजार माणसं गेली. त्या वेळच्या मदतकार्यात एबेर होते, असं पार्कूरची मंडळी सांगतात. संकटात धावून जायचं तर नुसतं धाडस पुरत नाही, शरीरही तसं तयार हवं, हा त्यांच्या विचाराचा गाभा. पुढे त्यांनी 'नैसर्गिक पद्धत' नावाची व्यायामपद्धती मांडली. चालणं, धावणं, उड्या, चार पायांवर चालणं, चढणं, तोल सांभाळणं, फेकणं, उचलणं, स्वसंरक्षण आणि पोहणं, असे तिचे दहा भाग. त्यांच्या ब्रीदवाक्याचा अर्थ असा: बलवान व्हा, ते उपयोगी पडण्यासाठी.

उपयोगी *पडण्यासाठी*. मराठीत आणल्यावर त्यातही 'पडणं' आलंच, याची मला जरा गंमत वाटली.

फ्रेंच सैन्यात अडथळ्यांच्या शर्यतीला 'पार्कूर द्यु काँबाताँ' म्हणतात, लढवय्याचा मार्ग. 'पार्कूर' हा शब्द तिथून आला. पण तो एका खेळाचं नाव होण्याआधी मध्ये एक विलक्षण माणूस येतो, रेमाँ बेल. १९३९ साली तेव्हाच्या फ्रेंच इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनाममध्ये जन्मलेला. युद्धाच्या धामधुमीत कुटुंबापासून तुटला आणि लहानपणीच दालात गावच्या सैनिकी अनाथाश्रमात वाढला. तिथल्या दांडगाईत आपला निभाव लागावा म्हणून तो रात्री सगळे झोपले की एकटाच उठून धावायचा, झाडांवर चढायचा, उड्यांचा सराव करायचा. पुढे फ्रान्सला आला आणि पॅरिसच्या अग्निशमन दलात दाखल झाला. १९६९ साली नोत्र दाम चर्चच्या शिखरावर कोणीतरी व्हिएत काँगचा झेंडा लावला, तेव्हा हेलिकॉप्टरमधून लटकून तो काढायला गेलेला जवान हाच.

त्याचा मुलगा दाव्हिद. जन्म १९७३चा. पॅरिसच्या दक्षिणेला लिस नावाचं उपनगर आहे, तिथे तो राहायचा. वडिलांनी रात्री जे केलं होतं ते त्याने आपल्या मित्रांबरोबर दिवसाढवळ्या केलं, भिंती, कठडे, जिने, जे समोर येईल त्यावर. १९९७मध्ये या नऊ मित्रांच्या गटाने 'यामाकासी' असं नाव घेतलं. काँगोतल्या लिंगाला भाषेतला हा शब्द. बलवान शरीर, बलवान माणूस, बलवान मन असा त्याचा अर्थ सांगतात. लवकरच गट फुटला. (मराठी माणसाला यात नवल ते काय!) दाव्हिद आपल्या वाटेला 'पार्कूर' म्हणू लागला. या शब्दातला 'सी' काढून तिथे 'के' घालायची कल्पना युबेर कूंदे या नटाची. यामाकासीवाले आपल्या शिस्तीला 'हालचालीची कला' म्हणतात. फुकाँने २००३मधल्या 'जंप लंडन' या माहितीपटानंतर 'फ्रीरनिंग' हे नाव प्रचारात आणलं. घराणी तीन, पण राग बराचसा एकच.

आणि पार्कूर करणाऱ्याला काय म्हणतात माहितीये? फ्रेंच उच्चार जवळपास 'त्रासर' असा होतो. माझ्या कानाला हा शब्द पहिल्या फटक्यात पटला.

इथपर्यंत सगळी ऐकीव माहिती. मी बाकावर आणि मुलगा जमिनीवर, ही विभागणी मला पूर्ण मान्य होती.

ऑक्टोबर २०२३मध्ये बाबा बाथरूममध्ये पडले.

पुण्याच्या घरी दोघंच असतात. आई भिशीला गेली होती. बाबांचा पाय सरकला आणि सावरायला त्यांनी हात पुढे टाकला. सगळेच टाकतात तसा, ताठ. मनगटाचं हाड मोडलं. मोबाईल बाहेर टेबलावर. आई घरी येऊन लॅच उघडेपर्यंत दीड तास ते ओल्या फरशीवर होते. वय तेव्हा शहात्तर.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. हाड व्यवस्थित जुळलं, डॉक्टर खूश. पण बाबा खाली उतरेनात. रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर त्यांच्या पेन्शनर मित्रांचा अड्डा असतो, तिथे जाणं थांबलं. पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या सत्तरीपर्यंत चढणारा माणूस घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालायला लागला. आणि मी? मी दर रविवारी फोनवर न चुकता सांगत होते, "बाबा, जपून हं. कशाला जाताय खाली? उगाच पडाल."

जानेवारीतल्या एका रविवारी मी स्वयंपाकघरात होते आणि चिरंजीव आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. नेहमी दोन मिनिटांत "आईला देतो" म्हणून फोन माझ्याकडे येतो. त्या दिवशी वीस मिनिटं झाली तरी आला नाही. कान दिला तर हा विचारत होता, "आजोबा, पण तुम्ही पडलात कसे? हात असा पुढे टाकलात का? कोपर सरळ होतं की वाकलेलं?"

आणि बाबा सांगत होते! पाय कुठे होता, हात कसा गेला, सगळं हातवारे करून. आम्ही, म्हणजे आई, ताई, मी, आम्ही सगळ्यांनी त्यांना विचारलं होतं की पडलात कसे, पण आमच्या विचारण्यात 'लक्ष कुठे होतं तुमचं' असा सूर होता. या मुलाला खरंच कसे पडले ते जाणून घ्यायचं होतं. मग बाबा म्हणाले, "अरे, हाडाचं काही नाही रे. मोडतं, जुळतं. मला उठता येईना. दीड तास प्रयत्न केला, पण मला उठताच येईना."

गेले तीन महिने आम्ही त्यांना पुन्हा पडू नका म्हणून सांगत होतो. ते घाबरले होते ते पडण्याला नाही, तर उठता न येण्याला. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी मोठ्यांच्या वर्गात नाव घातलं. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. घरात एकाला पडता येतं आणि एकाला उठता येत नाही, आणि मधली मी दोघांना नुसती 'पडशील, पडाल' करतेय, एवढंच डोक्यात होतं.

मोठ्यांच्या वर्गात पंधरा जण. मला वाटलं मीच सगळ्यात वयस्कर असणार, तर एक बाई साठीच्या. लंडनमध्ये साठीपुढच्या लोकांसाठी वेगळे पार्कूरचे वर्गही चालवले गेलेत, हे त्यांच्याकडूनच कळलं.

पहिला धडा उतरण्याचा. टाचांवर नाही, चवड्यांवर उतरायचं. गुडघे वाकवायचे, पण काटकोनाच्या पलीकडे नाही. पाठ वाकवून डोकं गुडघ्यावर आपटायचं नाही. (हे मी केलंय. जीभ चावली जाते.) यामागचं गणित अगदी शाळेतलं आहे. एक मीटर उंचीवरून खाली येताना जमिनीला टेकायच्या क्षणी वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास असतो. तो वेग शून्यावर आणायचाच आहे. पाय ताठ ठेवून पाच सेंटिमीटरमध्ये आणला, तर सगळा दणका हाडांना. गुडघे आणि कंबर वाकवत चाळीस सेंटिमीटरमध्ये आणला, तर थांबायला आठपट अंतर मिळतं आणि सरासरी दणका साधारण आठपटीने कमी होतो. बाबांचं मनगट का मोडलं, ते मला त्या दिवशी जिमच्या जमिनीवर कळलं.

उंची जास्त असेल, किंवा पुढच्या दिशेने वेग असेल, तर उतरल्यावर लोळायचं. ही आपली लहानपणची कोलांटउडी नव्हे. कोलांटउडीत पाठीचा कणा सरळ जमिनीवरून जातो. गादीवर ठीक आहे, फरशीवर एकेक मणका मोजून घ्या. इथे तिरकं लोळायचं, एका खांद्याच्या मागच्या बाजूवरून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत. डोकं जमिनीला लागतच नाही. खांदा खरचटला तो यातच. शंभर-सव्वाशे वेळा चुकल्यावर एकदा असं झालं की मी लोळले आणि काहीच दुखलं नाही. उभी राहिल्यावर मी वेड्यासारखी हसत होते.

मग बाकीची मंडळी भेटली. दोन्ही हात कठड्यावर टेकून पाय मधून पलीकडे न्यायचे, तिला फ्रेंच लोक 'मांजरउडी' म्हणतात आणि इंग्रज 'काँग'. हातांनी भिंतीची कड पकडून लटकायचं, तिला इंग्रज 'मांजरउडी' म्हणतात आणि फ्रेंच 'हातांची उडी'. शंभर वर्षांच्या लढाईची खुमखुमी अजून गेलेली दिसत नाही. भिंतीवर एक पाय मारून वर जायचं, आणि सगळ्यात साधी दिसणारी म्हणजे 'नेमकी उडी'. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर, दोन्ही पाय जोडून, आणि तिथेच थांबायचं.

या नेमक्या उडीने माझा घाम काढला. उन्हाळ्यात आमचा वर्ग व्हॉक्सहॉलच्या भिंतींपाशी गेला. लंडनच्या पार्कूरवाल्यांची ही पंढरी. बुटक्या विटांच्या भिंती, गुडघ्याएवढ्या. दोन भिंतींमधलं अंतर माझी सहा पावलं, पावलाला पाऊल लावून मोजलेली. जमिनीवर मी सात पावलांची उडी सहज मारते. भिंतीवर चढले आणि पाय शिशाचे झाले. गुडघाभर उंची! एखाद्या लहान मुलानेही 'मावशी, उतरा की' म्हटलं असतं. वीस मिनिटं मी तिथे उभी.

माझ्या शिक्षकांनी "घाबरू नका" म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "चुकलं तर काय होईल?" मी म्हटलं, पडेन. "कशी?" पाय कडेवरून निसटेल. "मग?" मग... मी पुढे जाईन, हात भिंतीवर, पाय खाली जमिनीवर. "मग तेच करून बघा." म्हणजे उडी मुद्दाम कमी मारायची, कडेला पाय लावायचा, आणि पडायचं. चार वेळा मी मुद्दाम पडले. एकदा नडगी घासली, तोच तो डाग. पाचव्यांदा नीट उडी मारली आणि थांबले. भीती गेली नव्हती, पण आता तिला माप होतं. 'काहीतरी भयंकर होईल' याऐवजी 'नडगी सोलवटेल' एवढीच ती उरली होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण भाचरंही हे वाचतात. छतांवरच्या उड्यांचे व्हिडिओ पाहून तसंच करायला गेलेल्यांचे जीव गेले आहेत. ज्या उड्या आपण दहा सेकंदांत पाहतो, त्यामागे दहा वर्षं जमिनीलगत घालवलेली असतात, तो भाग कोणी दाखवत नाही. आमच्या वर्गातला नियम असा आहे की जिथून उतरता येत नाही तिथे चढायचं नाही. भिंत हलते का, निसरडी आहे का, हे आधी हाताने तपासायचं. कोणाच्या दारात असलो तर विचारायचं, आणि जाताना कचरा उचलून जायचं.

आता हा रीतसर खेळही झालाय. ब्रिटनने जानेवारी २०१७मध्ये त्याला खेळ म्हणून मान्यता दिली. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने तो आपल्याकडे घेतला आणि ऑक्टोबर २०२२मध्ये टोकियोला पहिली जागतिक स्पर्धा भरवली. यावर पार्कूरवाले भलतेच चिडलेत. एक तर हा खेळ आमचा, जिम्नॅस्टिक्सचा नाही, आणि दुसरं म्हणजे याला पहिला-दुसरा नंबर कसला द्यायचा, असं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं. स्पर्धा बघायला मला आवडतात. पण व्हॉक्सहॉलला माझी उडी झाली तेव्हा त्या साठीच्या बाईंनी टाळी दिली, त्या वेळी मी कितवी आले हा प्रश्न कोणाला पडला नाही, हेही खरं.

मुलाच्या हट्टाने त्याच सुट्टीत आम्ही लिसलाही जाऊन आलो. पॅरिसहून लोकल गाडीने एव्री-कुर्कुरोनला उतरायचं. तिथल्या तळ्याकाठी 'दाम द्यु लाक' म्हणजे 'तळ्याची बाई' नावाचं काँक्रीटचं प्रचंड शिल्प आहे, पिएर सेकेली या शिल्पकाराने १९७५ साली चढाईसाठीच बनवलेलं. दाव्हिद आणि मंडळींची ही शाळा. आम्ही ते खालूनच पाहिलं. बाकी लिसमध्ये बघण्यासारखं खरं सांगायचं तर काही नाही. साध्या इमारती, साधे कठडे, पायऱ्या, शांत रस्ते. नवरोबा म्हणाले, "हे बघायला एवढे पैसे खर्च केले? आमच्या डोंबिवलीत याहून चांगल्या भिंती आहेत." पण मला तिथे रेमाँ बेल आठवत होता. अनाथ पोरगा, रात्री एकटा अंधारात झाडावर चढणारा. हा सगळा प्रकार मुळात कोणाला दाखवण्यासाठी नव्हताच. उद्या निभावता यावं म्हणून होता.

डिसेंबरात आम्ही पुण्याला गेलो. जाण्याआधी बाबांच्या फिजिओथेरपिस्ट बाईंशी फोनवर बोलून घेतलं. त्या म्हणाल्या, जमिनीवरून उठायचा सराव अवश्य करा, मी कधीपासून सांगतेय, ते ऐकत नाहीत. पद्धत साधी आहे. आधी कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग चार पायांवर. तसंच रांगत एखाद्या भक्कम खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात बैठकीवर, एक पाय पुढे रोवायचा, उठायचं आणि वळून खुर्चीतच बसायचं. लगेच उभं राहायची घाई करायची नाही.

अडचण एकच. त्यासाठी आधी जमिनीवर जावं लागतं. आणि बाबा जमिनीवर जायला तयार नव्हते.

चार दिवस नुसता नकार. पाचव्या दिवशी चिरंजीवांनी बोलणं सोडलं आणि हॉलमधल्या सतरंजीवर चार पायांवर चालायला सुरुवात केली. पुढे, मागे, आडवा. मग टीपॉयवरून उडी मारून उतरला. बिनआवाज. बाबा पेपर खाली करून बघत होते. म्हणाले, "परत उतर बरं." परत उतरला. "आमच्या वस्तादांना उतरायचा आवाज चालायचा नाही," बाबा म्हणाले.

बाबा तरुणपणी तालमीत मल्लखांब करायचे, हे मला माहीत होतं, पण फोटोतल्यासारखं, वाळलेलं माहीत होतं. त्या दिवशी ते नातवाला तासभर सांगत होते. एरंडेल लावलेला खांब, तळहाताला सुटणारा तो वास, खालच्या मातीत पडलं की वस्ताद आधी हसायचे आणि मग हात द्यायचे. "पडायचो की! रोज पडायचो. त्याचं काय एवढं?" असं म्हणाले आणि स्वतःच थबकले. मग खुर्चीचा हात धरला आणि हळूहळू, एक गुडघा, दुसरा गुडघा, असे सतरंजीवर उतरले.

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अहो, पडाल!"

माझ्याही तोंडात तोच शब्द आला होता. मी तो गिळला. गुडघ्याएवढ्या भिंतीवरून उडी मारणं याच्यापुढे सोपं होतं.

पहिल्या दिवशी खुर्चीत परत बसायला सात मिनिटं लागली. मधे एकदा थांबून श्वास घेतला, एकदा रागावले. आम्ही कोणी हात दिला नाही, फक्त जवळ बसून होतो. दोन आठवड्यांनी तेच काम दीड मिनिटात व्हायला लागलं. त्याचबरोबर बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले, खरखरीत मॅट टाकली, आणि डॉक्टरांनी बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ बदलली, कारण सकाळी उठल्यावर त्यांना चक्कर येते हेही याच गप्पांतून बाहेर आलं. म्हातारपणी पडण्यामागे अशी साधी कारणंही असतात, आणि ती विचारल्याशिवाय कळत नाहीत.

निघायच्या दोन दिवस आधी संध्याकाळी बाबांनी काठी घेतली आणि चपला घातल्या. "जरा कट्ट्यावर जाऊन येतो." मी दारात उभी. म्हटलं, "मोबाईल घेतलाय ना?" त्यांनी खिशावर थाप मारली आणि जिना उतरायला लागले. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले, ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत. (घाबरत होते. खोटं कशाला बोलू.)

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे गेल्या रविवारचा फोन. नेहमी आई करते, त्या दिवशी बाबांनीच केला. मागून आईचा आवाज ऐकू येत होता, चढ्या पट्टीतला, शब्द कळत नव्हते पण आशय कळत होता.

"सकाळी पॅसेजमध्ये पडलो," बाबा म्हणाले.

माझ्या पोटात गोळा. "लागलं का?"

"कोपर जरा खरचटलंय. हात ताठ नव्हता टाकला." मग थोडं थांबून, "आई देवळात गेली होती. मी गेलो रांगत खुर्चीपर्यंत. उठलो. ती आल्यावर सांगितलं. आता चहा घेतोय. जरा नातवाला दे, त्याला सांगायचंय."

फोन चिरंजीवांकडे दिला. आतल्या खोलीतून पहिला प्रश्न ऐकू आला, "आजोबा, किती मिनिटं?"

असो. उद्या वर्ग आहे. या वेळी सात पावलांची भिंत बघायची आहे. आई, आता कर फोन.